अंगठीखालची जागा

पुरिंगच्या डाव्या हाताचं ते बोट
आठ वर्षांत एकदाही पुरतं वाळलं नाही.
कातबालोगानच्या बंदरामागं तीन घरांची धुणी,
साबणाचा फेस अंगठीखाली शिरायचा
आणि मुक्काम ठोकायचा,
भाडं न देणाऱ्या कुळासारखा.

आधी कातडी पांढरी पडली, मग लाल,
मग एक वर्तुळ उठलं,
मधे साफ, काठावर खवले,
दर आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढं पुढं सरकणारं.
आपल्याकडे याला गजकर्ण म्हणतात,
तिच्याकडे बुनी.
हत्ती त्या बेटावर कुणी पाहिलेला नाही.
खाज मात्र तीच:
रात्री दोनला उठवणारी,
खाजवताना गोड
आणि मग पहाटेपर्यंत जळणारी.

तिनं काय काय लावून पाहिलं.
व्हिनेगर. एकदा रॉकेल.
मासळीवाला म्हणाला, बॅटरीतलं पाणी लाव,
तेवढं ऐकलं नाही.
बहिणीनं हाँगकाँगहून टी ट्रीच्या तेलाची बाटली पाठवली,
बोटाच्या पेराएवढी,
वास कापराचा आणि ओल्या लाकडाचा.
दुसऱ्या तेलात थेंबभर मिसळा, असं वर लिहिलं होतं,
चिनीत.
तिनं तसंच ओतलं.
बोट टरारून फुगलं.
कातडी गेली, बुरशी राहिली.

त्याच जूनमध्ये अंगठी गहाण पडली,
नेमेसियोच्या होडीच्या इंजिनापायी.
दुकानातल्या पोरीनं ती चिमट्यानं उचलली.
पुरिंगनं पाहिलं,
पावती घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली,
काही बोलली नाही.

आरोग्य केंद्रातली सेरिया तिला मागच्या अंगणात घेऊन गेली,
संडासाच्या भिंतीपाशी.
आकापुल्को.
पिवळ्या मेणबत्त्यांसारखी उभी फुलं,
पानं जोडीजोडीनं, रात्री मिटणारी.
समुद्रापलीकडच्या एका बंदराचं नाव घेऊन
गलबतातून आलं म्हणतात हे झाड.
आता इथलंच.
सेरियानं पानं खलात घातली, खोबरेल सोडलं,
"रोज ताजं कुटायचं. आधी मनगटावर लावून बघ.
दिवसातून दोनदा, महिनाभर.
खाज थांबली म्हणून तू थांबू नकोस.
तरी उतरलं नाही, तर डॉक्टर,
माझ्याशी वाद घालायचा नाही.
आणि हो, बोट कोरडं ठेव."

पुरिंग हसली.
इतकी हसली की रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.
"कोरडं?
सेरिये, मी खाते काय माहीत आहे ना तुला?
पाणी."

नेमेसियोला तिनं हे गंमत म्हणून सांगितलं.
तो काही हसला नाही.
दुसऱ्या रात्री, जाळी टाकून आल्यावर,
कुणी बघणार नाही अशा वेळी
तो नळावर बसला
आणि परक्या माणसांच्या चादरी पिळू लागला,
दोरखंडासारख्या, मनगटं फिरवून.
दोन सदऱ्यांची बटणं तुटली.
मास्तरणीच्या परकराला माशांचा वास आला,
तिनं दुसरी धोबीण शोधली.
उरली दोन घरं.

हिरवा, कडवट वास लागला पुरिंगच्या हाताला,
भाताला लागला, उशीला लागला.
दहाव्या दिवशी खाज गेली.
वर्तुळ राहिलं, फिकट.
ती कुटत राहिली.
चौथ्या आठवड्यात काठ कुठं होता
ते सेरियालाच बोट फिरवून शोधावं लागलं.

डिसेंबरात अंगठी सुटली.
बोटात घातली, संध्याकाळपर्यंत ठेवली,
मग काढून चुलीवरच्या खिळ्याला अडकवली.
"तिथं कोरडी राहते," म्हणाली.
नेमेसियोनं खिळ्याकडे पाहिलं,
मग तिच्या बोटाकडे,
जिथं कातडी अजून नवीन आहे, बाळाच्या टाचेसारखी.

तो हल्ली जेवताना
बोटांच्या बेचक्यात खाजवतो.
विचारलं तर म्हणतो, डास.
पुरिंग ताट बाजूला सारते,
कंदील घेते,
आणि पानं मिटायच्या आत खुडून आणायला
केंद्राच्या भिंतीकडे निघते.